आवाज न करणारा रेनकोट

"निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, सत्यशीला. 'डोक्यावर काय घेतलंयस?' एवढंच विचारावं."

सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण दाराची कडी वाजली की हे वाक्य अजून त्यांच्याच आवाजात माझ्या कानात उमटतं. मी नवी नवरी होते. हे कचेरीला निघाले होते आणि मी कौतुकानं दारापर्यंत जाऊन विचारलं, "कुठे निघालात?" रोज जायचे तिथेच निघाले होते, पण काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हळूच हे सांगितलं. 'कुठे' विचारलं की जाणाऱ्याचं काम अडतं, ही त्यांची श्रद्धा. आणि डोक्याचं विचारलं की माणूस टोपी-छत्री विसरत नाही, हा त्यातला व्यवहार. तेव्हापासून आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातसुद्धा हाच प्रश्न विचारला जातो. हे म्हणतात, "या घरात डोक्यावर काय आहे याची चौकशी होते. डोक्यात काय आहे, ते आजवर कोणी विचारलेलं नाही."

सासूबाईंनी मला आणखी एक नेम दिला. पहिली मूठ पाखरांची. सकाळी अंघोळ झाली की बाल्कनीत मूठभर ज्वारी-तांदूळ घालायचे, मगच आपल्या तोंडात पाणी. बिबवेवाडीत आम्ही राहायला आलो तेव्हा समोर मोकळं रान होतं. आता इमारतीच इमारती. चिमण्या कमी झाल्या, कबुतरं वाढली. सोसायटीनं जिन्यात पाटीही लावली : 'कबुतरांना दाणे घालू नयेत. ती उपाशी नाहीत, निर्लज्ज आहेत.' म्हणून मी आता आतल्या बाजूला, कुंडीमागे ताटली ठेवते. तिथे चिमण्या शिरतात, कबुतरं मावत नाहीत. नेम पाळायचा तर थोडी युक्ती करावीच लागते.

चातुर्मासात माझे नेम वाढतात. रोज देवापुढे बसून वाती वळायच्या, एकवेळ जेवायचं, आणि खोटं बोलायचं नाही. गमतीनंसुद्धा नाही. शेजारच्या भाग्यश्रीनं नवीन पडदे दाखवून "कसे वाटतात?" विचारलं, की या शेवटच्या नेमाची कसोटी लागते.

यंदा श्रावणात आमची अस्मिता आली. ती आयर्लंडमध्ये एका औषधांच्या कंपनीत आहे. लग्नही तिकडच्याच लियमशी केलं. लग्न इथे पुण्यात झालं. मुंडावळ्या बांधून घेताना लियम इतका हसत होता, की गुरुजींनाही मंत्र मध्येच थांबवावा लागला. त्याचे वडील, डर्मट, तेवढे आले नव्हते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. मी त्यांना फक्त एका फोटोत पाहिलं होतं. गमबूट घातलेला उंच म्हातारा, पायाशी काळा कुत्रा, खांद्यावर बंदूक आणि हातात माना लोंबणारी पाखरं. तो फोटो अस्मितानं मोठ्या कौतुकानं पाठवला होता. मी "छान" असं लिहू शकले नाही. चातुर्मासच होता तेव्हाही. नुसता नमस्काराचा हात पाठवला.

ती आली त्याच्या दोन-तीन दिवसांनी मी वाती वळत बसले होते. हे पेपर वाचत होते. अस्मिता माझ्यापाशी जमिनीवर येऊन बसली आणि कापसाशी खेळत म्हणाली, "आई, उद्या मंडईत जाशील तेव्हा मी येते. मला रेनकोट घ्यायचाय."

"तुमच्याकडे तर बारा महिने पाऊस. तिकडे मिळत नाहीत?"

"मिळतात की. पण मी आजवर स्वतःचा रेनकोट स्वतः घेतलाय का कधी?"

खरं होतं ते. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी मी तिचा रेनकोट आणायची. वाढतं अंग म्हणून एक माप मोठाच. बाह्या दुमडून द्यायच्या. तो अंगाला नीट बसेपर्यंत फाटायला आलेला असायचा. मला बरं वाटलं, आणि त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठे जायचंय घालून?"

मी जीभ चावली. पण विचारून झालं होतं.

"शिकारीला," ती म्हणाली.

ह्यांनी पेपर खाली केला. "कोणाच्या?"

"बदकांच्या, बाबा."

"मग ठीक आहे. मी म्हटलं, लग्नाला तीन वर्षं होत आली, सासरच्या माणसांवर उठलीस की काय."

मला हसू आलं नाही. माझ्या हातातली वात मध्येच तुटली. अस्मितानं ती उचलली आणि मग सगळं सांगितलं. तिकडे सप्टेंबर लागला की बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. परवाना असतो, किती मारायची त्याला मर्यादा असते. डर्मट लहानपणापासून त्या पहिल्या सकाळी नदीकाठच्या दलदलीत जात आलेत. आधी वडिलांबरोबर, मग शेजारच्या टॉमबरोबर. टॉम गेल्या हिवाळ्यात वारला. लियमला आवड नाही. आणि डर्मटची नजर आता अधू झालीय. बंदूक नीट चालवतात, पण मारलेलं पाखरू गवतात नेमकं कुठे पडलं ते त्यांना दिसत नाही.

"ते कोणाला काही बोलले नाहीत गं. एक दिवस मी गेले तर व्हरांड्यात बसून टॉमचे गमबूट पुसत होते. आपले नाही, टॉमचे. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर. पाखरू कुठे पडतं ते मी बघेन. शब्द दिलाय मी, आई. इथून पोचले की एक दिवस मध्ये, आणि मग पहाटेच निघायचंय."

"कथक शिकवलं," हे पेपर पुन्हा वर करत म्हणाले, "ते चिखलात उभं राहायला. पाय भक्कम झाले असतील, ते उपयोगी पडतील."

मी पुढची वात वळायला घेतली. रोज सकाळी ज्यांना दाणे घालून मग मी पाणी पिते, त्यांच्याच जातभाईंना मारायला माझी लेक जाणार, आणि अंगावरचं मी निवडून द्यायचं. मी 'जाऊ नकोस' म्हटलं असतं, तर ती कदाचित गेलीही नसती. पण तिनं शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडू नये हे तिला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडईतून बेल-फुलं घेतली आणि मागच्या गल्लीतल्या हिंमतरावांच्या दुकानात गेलो. अस्मिताचे सगळे रेनकोट तिथूनच घेतलेले. हिंमतराव आता थकलेत, पण गल्ल्यावर बसून दुकानाकडे पाहण्याची तऱ्हा तीच. जणू गिऱ्हाईक म्हणजे पावसासारखंच एक संकट.

"वहिनी, ही अस्मिता का? मोठी झाली. आता माप मोठं घ्यायची गरज नाही."

"काका, मला चकाकणारा नकोय," अस्मितानं सुरुवात केली. "लाल, निळा, पिवळा नको. चिखलाचा किंवा वाळक्या गवताचा रंग. टोपडं असं हवं, की डोकं झाकलं तरी ऐकू येईल. बाहीला मनगटाशी घट्ट पट्टी, हात वर केला की पाणी कोपरापर्यंत यायला नको. चर्र करून उघडणारे खिसे नकोत. बटणं चालतील. उकिडवं बसलं तरी घोळ पाण्यात बुडायला नको. आणि मुख्य म्हणजे आवाज नको करायला."

हिंमतरावांनी चष्मा काढला. "ताई, आमच्याकडे आवाज न करणारं गिऱ्हाईकसुद्धा नाही. रेनकोट कुठून आणू?"

"काका, बघा ना."

"चोरीबिरी करणार आहात का?"

"पक्षी बघायला जाताय का?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. नशिबानं त्यांनी नोकराला हाक मारली आणि माळ्यावरून गठ्ठे निघायला लागले.

आता आवाजाची परीक्षा कशी घ्यायची? अस्मितानं मला दुकानातल्या स्टुलावर बसवलं. "आई, तू डोळे मीट. मी एकेक घालून तुझ्यामागून चालते. मी कुठे आहे ते कळलं की हात वर कर."

"मी कशाला?"

"जपाला बसतेस तेव्हा स्वयंपाकघरात दूध वर आलेलं तुला बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. तुझ्यासारखे कान कोणाचे आहेत?"

मी डोळे मिटले. बाहेर मंडईचा कलकलाट, आत रबराचा वास. पहिला रेनकोट पापडाचं पाकीट चुरगळावं तसा वाजला. मी लगेच हात वर केला. दुसरा नव्या रेशमी साडीसारखा सळसळला. थोडा उशिरा, पण ऐकू आलाच. मधेच हिंमतराव म्हणाले, "त्यापेक्षा घोंगडं न्या. वाजत नाही. फक्त भिजलं की उचलायला दोन माणसं लागतात."

मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी वाट पाहत बसले. मला वाटलं, अस्मिता अजून बटणं लावतेय. आणि एकाएकी माझ्या खांद्यावर तिचा हात पडला. ती अगदी मागे उभी होती.

डोळे उघडले तर तिच्या अंगात मातकट हिरवा, वरून मऊ कापडाचा आणि आतून रबर लावलेला कोट. हिंमतराव म्हणाले, "हा मांजरी गावाकडचे लोक नेतात. उसाला पाणी द्यायला पावसात जावं लागतं ना. पातं घासलं तरी फाटत नाही. तो आवाज करत नाही हे मात्र मला आज कळलं. आता हा गुण म्हणून सांगत जाईन."

"आई? आला का आवाज?"

सगळं माझ्या एका शब्दावर होतं. 'आला' म्हटलं असतं तर तो कोट परत माळ्यावर गेला असता, सळसळणारा घेतला असता, आणि दूर कुठल्या तरी नदीवरची बदकं त्या सळसळीनं उडून गेली असती. तिचा शब्दही पाळला गेला असता. मी तोंड उघडलं. पण चातुर्मास होता.

"नाही," मी म्हटलं. "मुळीच आला नाही."

अस्मितानं भर दुकानात मला मिठी मारली. तो कोट खरंच फार मऊ होता.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या ताटलीवर आल्या, तर मला त्यांच्याकडे बघवेना. एक चिमणी दाणा उचलायच्या आधी मान वाकडी करून माझ्याकडे बघते, रोजचीच आहे ती. त्या दिवशी मला वाटलं, ती विचारतेय.

दुपारी हे आणि अस्मिता झोपले होते. मी कपाट आवरायला काढलं आणि तिच्या लहानपणच्या घुंगरांचा पट्टा हाती लागला. कथकच्या वर्गाला जाताना ती तो पिशवीतून न्यायची आणि जिन्यातूनच छुन् छुन् करत वर यायची. ती आली हे मला तळमजल्यापासून कळायचं. मी पट्टा हातात घेऊन बसले. मग त्यातलं एक घुंगरू उसवलं. लहानसं, पितळी. आणि सुईदोरा घेऊन त्या कोटाच्या घोळाच्या दुमडीत, आतल्या बाजूनं, ते शिवून टाकलं.

खोटं न बोलण्याचा माझा नेम होता. घुंगरू न शिवण्याचा नव्हता.

मला वाटलं, कोट बॅगेत जाईल, बॅग विमानात जाईल, आणि एकदम त्या दलदलीत पहाटेच्या शांततेत अस्मितानं पाऊल उचललं की ते वाजेल. पाखरं उडून जातील. कोणाचं काही बिघडणार नाही. मी हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि मला अगदी हलकं वाटलं.

संध्याकाळी डर्मटचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिकडे दुपार होती. अस्मितानं फोन टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. मी पदर नीट केला. फोटोतल्यापेक्षा ते बरेच म्हातारे दिसत होते, आणि नजर खरंच आमच्या थोडी बाजूला पडत होती. त्यांनी हात जोडले. कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण नीट छातीशी जोडले.

"कोट दाखव म्हणतायत," अस्मिता म्हणाली. "थांबा, घालते."

तिनं कोट घातला, टोपडं चढवलं, आणि लहानपणी नाच दाखवायची तशी एक गिरकी घेतली.

छुन्.

फोनमध्ये त्यांच्या पायाशी झोपलेला काळा कुत्रा ताडकन उठला आणि कान टवकारून इकडे बघायला लागला. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. अस्मिता थांबली. पुन्हा हलली. छुन्. तिनं घोळ चाचपला, दुमडीत बोट घातलं आणि हळूहळू माझ्याकडे वळली.

"आई, हे माझं घुंगरू आहे."

"हो," मी म्हटलं.

"तू शिवलंस?"

"हो."

"बदकांसाठी?"

मी मान हलवली. ती रागावेल असं मला वाटलं. तिचे डोळे मात्र भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही आवरेना. हे म्हणाले, "पुण्याची बाई. चार हजार मैलांवरून पाटी लावली. 'येथे शिकार करू नये.'"

फोनमधून डर्मट काय झालं म्हणून विचारत होते. अस्मितानं त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, माझी सकाळची मूठ, दुकानात मिटलेले डोळे, सगळं. मला इंग्रजी बेताचं समजतं, पण ती काहीच लपवत नव्हती एवढं कळत होतं. ते ऐकत राहिले. मग हसले नाहीत की रागावले नाहीत. फोन हातात घेऊन सावकाश उठले, भिंतीला हात लावत आत स्वयंपाकघरात गेले आणि खुर्चीवर बसले. गुडघ्यामुळे व्हरांड्यातल्या बाकावर फार वेळ बसवत नाही म्हणाले. मग बोलायला लागले, आणि अस्मिता मला सांगत गेली.

"ते म्हणतात, तुला नको असेल तर मी येऊ नये. आईनं मना केलं तर शब्द आपोआप सुटतो. त्यांच्या मनात काही राहणार नाही."

"आणि ते?"

"ते जाणार नाहीत मग. एकट्यानं गेले आणि पाखरू नुसतं जखमी झालं, गवतात पडलं, तर त्यांना दिसणार नाही. कुत्राही आता म्हातारा झालाय. जखमी पाखरू मागे टाकून ते आजवर कधी घरी आलेले नाहीत. टॉम आणि ते एकदा दिवसभर पाण्यात उभे होते, एकासाठी. म्हणतात, यंदा चुकलं तर पुन्हा जाणं होणार नाही. पण त्याचं काही नाही." ती थांबली. मग स्वतःच्या मनानं म्हणाली, "आई, घुंगराचं अजून एक आहे. ऐन वेळी मी हलले आणि हे वाजलं, तर पाखरू दचकून वळेल आणि गोळी भलतीकडे लागेल. ते मरणार नाही, पण वाचणारही नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा माझं लक्ष डर्मटच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे तवे-कढया ओळीनं टांगलेल्या होत्या, आणि शेवटच्या कढईच्या दांड्याला निळा दोरा बांधलेला. दोरा बांधलेला दिसला की मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

"तो दोरा कसला गं?"

अस्मितानं वळून पाहिलंही नाही. "ती माझी कढई. मी मांस खात नाही ना. पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते जाऊन ही घेऊन आले. दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना सांगितलं, हिच्यात दुसरं काही शिजणार नाही. लियमनं एकदा अंडं केलं तिच्यात, तर त्याला नवी आणायला लावली. मी कधी मागितली नव्हती, आई."

"म्हणजे सोवळं तिकडेही आहे," हे म्हणाले. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मी त्या दोऱ्याकडे बघत राहिले. तीन वर्षं एक मनुष्य माझ्या लेकीचा नेम सांभाळत होता, आणि मला तो फक्त लोंबणाऱ्या पाखरांसकट माहीत होता.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "मी उद्या सकाळी सांगेन. पाखरांना मूठ घालून झाली की."

अस्मितानं सांगितलं. डर्मट म्हणाले, ते थांबतील.

सकाळी पाऊस बारीक होता. मी ताटलीत मूठ घातली आणि कुंडीपाशी बसून राहिले. त्या मान वाकडी करणाऱ्या चिमणीनं पहिला दाणा उचलला. मग बाकीच्या आल्या. मला शिकार पटली नव्हती. खरं सांगायचं तर अजूनही पटलेली नाही. पण घरच्या धान्यातली फक्त पहिली मूठ पाखरांची असते. पुढचं सगळं आम्हीच खातो. सासूबाईंनी मला सगळं देऊन टाक असं सांगितलं नव्हतं. आधी दे, असं सांगितलं होतं.

मी आत गेले, कात्री घेतली आणि कोटाच्या दुमडीतले टाके उसवले. घुंगरू सुटलं. वातींच्या डब्यातून कापूस काढला, ते त्यात नीट गुंडाळलं, अजिबात वाजणार नाही असं. मग अस्मिताला उठवलं.

"त्यांना लिही. तू जाशील. आमच्याकडे पहिली मूठ पाखरांची असते. तसं तिकडे पहिलं पाखरू माझं. ते जाऊ द्या. त्यानंतरचं मी विचारणार नाही."

ती गादीवर बसल्या बसल्या केस मागे सारत माझ्याकडे बघत राहिली. मी कापसाची पुडी तिच्या हातात ठेवली. तिनं लिहिलं. तिकडे अजून रात्र होती, त्यामुळे उत्तर लगेच येईल असं मला वाटलं नव्हतं. मी देवपूजेला बसले. पूजा संपेपर्यंत ती दाराशी फोन घेऊन उभी होती.

"जागेच होते गं ते. लिहिलंय : 'पहिलं दिसलं की तू घुंगरू वाजव. ते उडून गेलं की मग मी बंदूक हातात घेईन. तोवर ती जमिनीवर असेल.' आणि खाली लिहिलंय, 'आईला सांग, माझा शब्द आहे.'"

हे आतून म्हणाले, "दाणेही टाका म्हणावं. जरा जास्त येतील."

"अहो!"

"बरं, नाही बोलत."

मग चार दिवस कसे गेले कळलं नाही. लाडू झाले, मेतकूट झालं, भाग्यश्रीचे पडदे बघायला अस्मिताही जाऊन आली आणि "सुंदर!" म्हणून आली. तिला नेम नव्हता. निघायच्या दिवशी सकाळी मुंबईची गाडी खाली येऊन उभी राहिली. बॅगा हे स्वतः खाली घेऊन गेले आणि वर आले ते हातात काहीतरी लपवत. ती त्यांची माकडटोपी होती. सिंहगडावर पहाटे जायचे तेव्हाची, मातकट रंगाची, लोकरीची, कानावर घट्ट बसणारी. मी दरवर्षी ती टाकून द्यायला काढते आणि ते दरवर्षी परत कपाटात ठेवतात.

"ही त्या म्हाताऱ्याला दे," ते म्हणाले. "वाजत नाही. मी पाहिलंय घालून. कान झाकतात, पण त्याला काय, नाहीतरी तूच ऐकणार आहेस."

अस्मितानं ती नाकाला लावली. "बाबा, हिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय."

"मग बदकं जवळच येणार नाहीत. तुझी आई खूश."

पाऊस होताच. अस्मितानं मातकट हिरवा कोट अंगात घातला, मनगटाच्या पट्ट्या आवळल्या. आतल्या खिशात कापसाची पुडी ठेवली आणि वरून हात फिरवून पाहिला. देवाला नमस्कार केला, मग ह्यांना, मग मला. माझ्या ओठांवर 'कुठे' आलं नाही. मला ठाऊक होतं ती कुठे निघालीय. दोन शब्द होते तिच्याजवळ, एक तिनं त्यांना दिलेला आणि एक त्यांनी मला दिलेला, आणि दोन्ही त्याच पहाटे पाळायचे होते.

"डोक्यावर काय घेतलंयस?" मी विचारलं.

तिनं टोपडं वर ओढलं आणि हसली.

दार उघडलं. मी चौकटीत उभी राहिले आणि डोळे मिटले, त्या दिवशी दुकानात मिटले होते तसे. खाली गाडीचं इंजिन चालू होतं, कुंडीमागे चिमण्या बोलत होत्या. एवढासा जिना, लहानपणी ती ज्यावरून छुन् छुन् करत वर यायची. मी कान देऊन ऐकत राहिले. ती उतरत होती, आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.